एका दिवसाच्या उशिराचे पाच दिवस

महासाथ आली की पहिल्या आठवड्यातच एक तराजू चर्चेत येतो. एका पारड्यात जीव, दुसऱ्यात रोजगार. एक वर गेलं की दुसरं खाली येणारच, असं धरून मग घराघरांत तट पडतात. टाळेबंदी मागणारा तो गरिबाच्या पोटावर पाय देणारा, आणि दुकानं उघडा म्हणणारा तो म्हाताऱ्यांच्या जिवावर उठलेला. 2020 साली जवळजवळ सगळ्या जगाने हा वाद घातला. त्या वर्षातले आकडे आता शांतपणे वाचता येतात, आणि ते वाचताना या तराजूने केलेलं नुकसान मनाला लागतं. त्याने आपल्याला चुकीचे प्रश्न विचारायला लावले, आणि त्याची किंमत ज्यांच्याकडे महिनाभराचीही शिल्लक नव्हती त्यांनी मोजली.

अमेरिकेत ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी मोबाइल फोनच्या नोंदींवरून वीस लाखांहून जास्त दुकानं-व्यवसायांतली माणसांची ये-जा मोजली. परिसर एकच, पण हद्दीच्या अलीकडे बंदी आणि पलीकडे नाही, अशा जागा त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एकूण ये-जा 60 टक्क्यांनी घटली होती. या 60 पैकी सरकारी हुकमामुळे घटलेले जेमतेम 7. बाकी सगळे आपणहून, धास्तीने घरी बसले होते. डेन्मार्कने मार्च 2020 मध्ये कडक निर्बंध लावले, शेजारच्या स्वीडनने बरंचसं लोकांच्या विवेकावर सोपवलं. एका मोठ्या बँकेच्या ग्राहकांचे व्यवहार तपासले तेव्हा डेन्मार्कमधला खर्च साधारण 29 टक्क्यांनी घटलेला दिसला आणि स्वीडनमधला 25 टक्क्यांनी. चार टक्क्यांचा फरक निर्बंधांचा धरला, तरी बाकीचे पंचवीस टक्के विषाणूने खाल्ले.

हे आकडे श्रीमंत देशांचे आहेत, हे मात्र विसरू नये. भीती वाटली म्हणून घरी बसणं ही ज्याच्या खिशाला परवडते त्याची गोष्ट. रोजंदारीवरचा माणूस भीती वाटली तरी कामावर जातो, आणि हुकूम निघतो तेव्हाच त्याची कमाई थांबते. म्हणजे टाळेबंदीचा अर्थव्यवस्थेवरचा भार सरासरीत कमी दिसला, तरी तो कोणाच्या खांद्यावर पडतो हे सरासरी सांगत नाही. तरीही मुख्य गोष्ट उरतेच: साथ मोकाट सोडली म्हणून बाजार भरत नाही.

तराजूपेक्षा माझ्या मते घड्याळ जास्त उपयोगी पडतं. त्याचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा. समजा, काही बंधन नसताना रुग्णसंख्या दर 3 दिवसांनी दुप्पट होते आहे. 2020 च्या सुरुवातीला अनेक शहरांत वेग साधारण असाच होता. आता टाळेबंदी लावली आणि एक रुग्ण सरासरी 0.8 जणांनाच लागण देऊ लागला. एका लागणीपासून पुढच्या लागणीपर्यंत 5 दिवस धरले, तर रुग्णसंख्या निम्मी व्हायला साडेपंधरा दिवस लागतात. चढताना 3 दिवस, उतरताना साडेपंधरा. निर्णयाला एका दिवसाचा उशीर झाला, की आधीच्या पातळीवर परत यायला टाळेबंदीचे पाच दिवस जास्तीचे मोजावे लागतात. दोन आठवडे ‘अजून पाहू’ म्हणण्यात गेले तर रुग्ण पंचवीसपट होतात आणि ते फेडायला 72 दिवस जातात. अर्थव्यवस्था वाचवायची म्हणून घेतलेला उशीर अर्थव्यवस्थेलाच सगळ्यात महाग पडतो.

दुसरा हिशेब कडकपणाचा. रोज 1000 नवे रुग्ण आहेत आणि ते 10 वर आणायचे आहेत. एक रुग्ण 0.7 जणांना लागण देत असेल तर 65 दिवस लागतात. 0.8 असेल तर 103, आणि 0.9 असेल तर 218. अर्धवट बंद ठेवलेली बाजारपेठ सात महिने अर्धी बंद राहते. व्यापाऱ्यांच्या दबावाखाली ‘थोडी सूट’ देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण 0.7 चा 0.9 झाला की त्याच व्यापाऱ्यांचे पाच महिने जातात. त्यांच्यापुढे हा हिशेब कोणी मांडत नाही, याचं वाईट वाटतं.

याला जुना दाखला आहे. 1918 च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात 17 सप्टेंबरला पहिले रुग्ण नोंदले गेले. तरी 28 सप्टेंबरला युद्धकर्जासाठी तिथे मिरवणूक निघाली आणि तिला सुमारे दोन लाख माणसं लोटली. शाळा, चर्च, नाट्यगृहं बंद झाली ती 3 ऑक्टोबरला. सेंट लुईसमध्ये नागरिकांतले पहिले रुग्ण 5 ऑक्टोबरला कळले आणि आरोग्य अधिकारी मॅक्स स्टार्कलॉफ यांनी 7 ऑक्टोबरला शहर बंद करायला सुरुवात केली. लाटेच्या शिखरावर फिलाडेल्फियात आठवड्याला दर लाख लोकसंख्येमागे 257 जादा मृत्यू होत होते. सेंट लुईसमध्ये पहिल्या शिखरावर 31. पुढे काही अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की लवकर बंद केलेल्या शहरांचा उद्योग नंतर मागे पडला नाही. त्यावर आक्षेप घेतले गेले, ती शहरं मुळातच वाढती होती असंही म्हटलं गेलं. पण लवकर बंद केल्याने शहर आर्थिकदृष्ट्या बुडालं, असा पुरावा त्या वादातूनही पुढे आलेला नाही.

आता हुकमाबद्दल. तो किती आधी सांगावा, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. 7 मार्च 2020 च्या रात्री उत्तर इटलीच्या बंदीचा मसुदा फुटला आणि मिलानच्या स्थानकावर दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी गर्दी उसळली. त्या गर्दीबरोबर विषाणूही निघाला असणार. उलट टोकाला भारतात 24 मार्चला रात्री 8 वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद. चार तासांत ना गावी पोचता येत, ना महिन्याचा किराणा भरता येत, आणि लाखो मजूर पुढचे काही आठवडे चालत निघाले. न्यूझीलंडने 21 मार्चला चार पातळ्यांचा तक्ता आधी सगळ्यांना समजावून सांगितला, 23 तारखेला तिसरी पातळी लावली आणि 48 तासांनी चौथी लागेल असं जाहीर केलं. मला हीच पद्धत योग्य वाटते. पायऱ्या आधी माहीत हव्यात, म्हणजे हुकमाच्या दिवशी फक्त आकडा सांगावा लागतो. कोणत्या पायरीला काय बंद, पगार कोण देणार, अडकलेल्या माणसाने कुठे राहायचं, हे साथ नसताना लिहून ठेवण्याचं काम आहे.

लिहून ठेवताना सगळ्यात मोठी फसगत होते ती ‘अत्यावश्यक सेवां’च्या यादीत. औषधं अत्यावश्यक, हे कोणीही मान्य करील. मग गोळ्यांची एक पट्टी हातात घ्यावी आणि नीट बघावी. पाठची चकाकती बाजू अॅल्युमिनियमची फॉइल आहे. ती उष्णतेने चिकटावी म्हणून तिला आतून लॅकरचा, म्हणजे रोगणाचा, थर लागतो आणि वर छपाईची शाई. पुढचे पारदर्शक फुगे पीव्हीसी प्लास्टिकच्या फिल्मचे. गोळीत औषध काही मिलिग्रॅम, बाकी स्टार्च, लाकडाच्या लगद्यापासून केलेलं सेल्युलोज आणि गोळी साच्याला चिकटू नये म्हणून चिमूटभर मॅग्नेशियम स्टिअरेट. साचे झिजतात, ते घासून-पॉलिश करून देणारं छोटं वर्कशॉप वेगळंच. मग पुठ्ठ्याची डबी, आतलं घडीचं माहितीपत्रक, डिंक, बाहेरचं खोकं. खोकं ट्रकमध्ये जातं. ट्रकच्या चालकाला वाटेत जेवण लागतं, पंक्चर काढणारा लागतो. यादीत फक्त ‘औषध कारखाने’ लिहिलं की पंधरा दिवसांत कारखाना चालू असूनही पट्टी बाहेर पडत नाही, कारण फॉइलची छपाई करणारा ‘अत्यावश्यक’ नाही आणि ढाब्यावाल्याने दार लावून घेतलं आहे.

म्हणून यादी उलटी करावी. काय चालू राहील ते लिहिण्यापेक्षा काय बंद राहील ते लिहावं, आणि बंद ठेवण्याची कसोटी धंद्याचं नाव न ठेवता जागा ठेवावी: कोंदट बंद खोली, दाटी, जवळून मोठ्याने बोलणं किंवा गाणं, आणि तिथे घालवलेला वेळ. जपानने गर्दी, बंदिस्त जागा आणि जवळचा संपर्क या तीन गोष्टी टाळा असं सुरुवातीलाच लोकांना सांगितलं, ते याच समजुतीतून. कोविड सगळ्यांकडून सारखा पसरत नव्हता. थोड्याच रुग्णांकडून बहुतेक लागण होत होती आणि तीही ठरावीक जागांत. 10 मार्च 2020 ला वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट इथे एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. 61 जण होते, त्यांतले 53 आजारी पडले, दोघे दगावले. त्याच काळात उघड्या मैदानात काम करणाऱ्या किती टोळ्या विनाकारण घरी बसवल्या गेल्या, याचा विचार करून हळहळ वाटते.

बंद खोलीचं काय करायचं, हेही आता ठाऊक आहे. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण 420 भाग असतो. भिंतीवरच्या छोट्या मापकावर तो 800 च्या आत ठेवता आला तर हवा पुरेशी खेळती आहे असं समजायला हरकत नाही. 1500 दिसला तर त्या खोलीत माणसं एकमेकांचे उच्छ्वास आत घेत आहेत. तासाला खोलीतली हवा 6 वेळा बदलत असेल तर हवेत तरंगणारे 99 टक्के कण जायला 46 मिनिटं लागतात, 2 वेळाच बदलत असेल तर 138. मापकाची एक खोड लक्षात ठेवावी: तो खिडकीजवळ किंवा कोणाच्या तोंडासमोर ठेवला तर खोटं सांगतो. गाळणीचा पंखा लावला तर विषाणू कमी होतो पण कार्बन डायऑक्साइड होत नाही, तेव्हा तिथे मापकावरून धास्तावण्याचं कारण नाही. हातांनी टेबलं पुसण्यावर जितके श्रम आणि जंतुनाशक त्या वर्षी खर्च झालं, त्यातला निम्मा खर्च खिडक्यांवर व्हायला हवा होता.

काम आणि संसर्ग यांची सांगड वेळापत्रकातूनही घालता येते. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या उरी अलोन आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली चार-दहाची पाळी मला फार नेमकी वाटते. लागण झाल्यावर माणूस सरासरी तीनेक दिवस दुसऱ्याला आजार देत नाही. म्हणून सोमवार ते गुरुवार कामावर यायचं आणि पुढचे दहा दिवस घरी राहायचं. कामावर लागण झाली असेल तर ती घरी बसलेलं असताना फैलावण्याजोगी होते. कामगारांचे दोन गट केले, एक या सोमवारी आणि दुसरा पुढच्या, की कारखाना चौदातले आठ दिवस चालतो. बिघडतं कुठे, तर गटांच्या अदलाबदलीत. एकच इलेक्ट्रिशियन दोन्ही गटांत येतो, एकाच गाडीतून दोन्ही गटांची ने-आण होते, किंवा दहा दिवसांत माणूस दुसरीकडे कामाला जातो. या शेवटच्या गोष्टीला कामगाराला दोष देऊ नये. त्याला चौदा दिवसांचा पगार मिळाला तरच तो दहा दिवस घरी बसेल.

इथे सगळा प्रश्न रोकडीवर येतो. अमेरिकेतल्या लहान व्यवसायांच्या बँक खात्यांच्या एका मोठ्या अभ्यासात, 2016 मध्ये, क्रमाने लावल्यास मधोमध येणाऱ्या व्यवसायाकडे आवक थांबल्यावर 27 दिवस पुरेल इतकीच रोकड आढळली होती, उपाहारगृहांकडे 16 दिवसांची. टाळेबंदीच्या मदतीची मुदत यावरूनच ठरते. सोळाव्या दिवसानंतर पोचलेली मदत बंद पडलेल्या हॉटेलाच्या दारात पोचते. कर्जाच्या हप्त्यांना स्थगिती दिली तरी व्याज चढतच राहतं, आणि भाड्याला स्थगिती दिली तर घरमालकाचा हप्ता अडतो. साखळीत कुठेतरी सरकारचा प्रत्यक्ष पैसा पडल्याशिवाय गाठ सुटत नाही.

तो पैसा कुठे टाकावा, यावर माझं मत पक्कं आहे: मालक-कामगार नातं तुटण्याआधी, त्या नात्यावर. जर्मनीत कुर्त्सआर्बाइट नावाची जुनी व्यवस्था होती. काम कमी झालं तर कामगाराला काढायचं नाही, तास कमी करायचे, आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचे 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के, सरकारने भरायचे. अर्ज, कचेऱ्या, नियम सगळं तयार होतं. एप्रिल 2020 मध्ये सुमारे साठ लाख माणसं त्या छत्राखाली आली. ब्रिटनने तशीच योजना काही आठवड्यांत नव्याने उभी केली, 80 टक्के पगार, महिन्याला कमाल 2500 पौंड. कामगार हजेरीपटावर राहिला की उघडण्याच्या दिवशी कारखाना सुरू होतो. तो विखुरला तर नवी माणसं शोधणं, शिकवणं आणि यंत्रावर हात बसणं यात महिने जातात. अर्थात ज्याचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. त्याला थेट रोख आणि धान्य, आणि तेही कागद न मागता.

आजारी माणसाच्या पगाराचं तर आणखी तातडीचं. 38 अंश ताप असलेला कामगार सकाळी बिछान्यावर बसून हिशेब करतो: चाचणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली तर दहा दिवस खाडे. म्हणून तो चाचणीच करत नाही, तापाची गोळी घेऊन कामावर जातो. दहा दिवसांची मजुरी त्याला त्याच दिवशी मिळाली असती, तर एक साखळी तिथेच तुटली असती, आणि सगळं शहर बंद ठेवण्यापुढे हा खर्च नगण्य आहे. ब्रिटनने विलगीकरणासाठी 500 पौंड द्यायला सुरुवात केली ती 28 सप्टेंबर 2020 ला, पहिली टाळेबंदी होऊन गेल्यावर.

टाळेबंदीत जो वेळ मिळतो तो अशाच गोष्टी उभ्या करायला असतो. संपर्क शोधण्याचंच पाहा. रोज 50 रुग्ण, प्रत्येकाचे 10 संपर्क, प्रत्येकाशी 20 मिनिटं बोलायचं, तर दिवसाला 167 तास लागतात. सात तास काम करणारी 24 माणसं हवीत. रोज 1000 रुग्ण झाले की जवळपास 480. म्हणून रुग्ण किती खाली आणायचे हे आधी आपल्या फोनवर बसलेल्या माणसांची संख्या मोजून ठरवावं. ती यंत्रणा न उभारता टाळेबंदी उठवली तर सहा आठवड्यांत तिथेच परत यायचं असतं, आणि दुसऱ्या खेपेला ना दुकानदाराकडे शिल्लक उरलेली असते, ना लोकांचा विश्वास.

फक्त म्हाताऱ्यांना जपा आणि बाकीच्यांना सोडा, हा मार्गही सुचवला गेला. पण म्हाताऱ्यांना जपणारी माणसं त्याच शहरातून बसने येतात. स्वीडनच्या चौकशी आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये म्हटलं की वृद्धाश्रमांतल्या मोठ्या उद्रेकांमागे समाजात एकंदर झालेला फैलाव हेच बहुधा सगळ्यात मोठं कारण होतं.

टाळेबंदीची आरोग्यालाही किंमत असते, आणि ती तराजूत कुठेच बसत नाही. 2020 साली जगात क्षयरोगाच्या नव्या नोंदी 71 लाखांवरून 58 लाखांवर आल्या. क्षय कमी झाला नव्हता, खोकणारी माणसं दवाखान्यापर्यंत पोचली नव्हती. 2 कोटी 30 लाख मुलांच्या मूलभूत लशी चुकल्या, आदल्या वर्षापेक्षा 37 लाख जास्त. लसीकरण, बाळंतपण, क्षयाची आणि डायलिसिसची केंद्रं कोणत्याही पातळीला बंद होता कामा नयेत, आणि तिथे जायला वाहन हवं. दवाखाना चालू आणि बस बंद ठेवली तर दवाखाना बंदच असतो. शाळांबद्दल थोडक्यात एवढंच म्हणेन की नव्या आजाराचं वयोमान कळेपर्यंत त्या बंद ठेवणं समजण्यासारखं आहे, पण बार आणि व्यायामशाळा उघडल्यावरही वर्ग बंद ठेवणं हा अग्रक्रमाचा दोष होता.

उघडताना घाई होते ती एका साध्या कारणाने. आजचा बदल रुग्णालयाच्या खाटांवर दिसायला दहा ते चौदा दिवस लागतात, मृत्यूंत त्याहून उशिरा. आज बाजार उघडला, आठवडाभरात काही झालं नाही म्हणून पुढची पायरी उघडली, तर दोन पायऱ्यांचा परिणाम एकदम अंगावर येतो आणि कोणत्या पायरीने घात केला तेही कळत नाही. ब्रिटनने फेब्रुवारी 2021 च्या आराखड्यात दोन पायऱ्यांमध्ये किमान पाच आठवडे ठेवले: चार आठवडे आकडे पाहायला, एक आठवडा लोकांना तयारीला. हे अंतर मला बरोबर वाटतं. चाचण्यांतलं बाधितांचं प्रमाण चौदा दिवस 5 टक्क्यांखाली, ही जागतिक आरोग्य संघटनेची मे 2020 मधली कसोटी; ती पाळताना चाचण्यांची संख्या घटलेली नाही ना, हे आधी पाहावं. सेंट लुईसनेही नोव्हेंबर 1918 मध्ये निर्बंध सैल केले आणि मृत्यू पुन्हा वर गेले.

आणि बंद पडलेली यंत्रं. 7 मे 2020 ला पहाटे विशाखापट्टणमजवळच्या एका कारखान्यातून, टाळेबंदीनंतर पुन्हा सुरू होण्याच्या सुमारास, स्टायरीन या प्लास्टिकसाठी लागणाऱ्या रसायनाची वाफ वस्तीत पसरली आणि माणसं दगावली. स्टायरीन थंड ठेवावं लागतं आणि त्यात ते आपोआप घट्ट होऊ नये म्हणून रोधक द्रव्य राखावं लागतं. टाकी नुसती पडून राहिली तर आतला भाग तापत जातो. बंद कारखान्यालाही रोज तापमान लिहिणारा माणूस लागतो, आणि त्याचा परवाना टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी निघायला हवा. साध्या कार्यालयातही महिनाभर नळात साचलेल्या पाण्यात न्यूमोनिया करणारा लिजिओनेला जिवाणू वाढतो. माणसं परतण्याआधी प्रत्येक नळ आणि शॉवर उघडून जुनं पाणी वाहू द्यावं, गरम पाण्याची टाकी 60 अंशांवर न्यावी आणि शेवटच्या नळाला कढत पाणी येईपर्यंत तो चालू ठेवावा. शॉवर सोडताना त्याचे तुषार श्वासात जाऊ नयेत म्हणून तोंडावर चांगला मास्क लावून दाराशी उभं राहावं.